खिडकीतून येणारा सतरा वर्षांचा मुलगा

कपाटाची किल्ली : वाचकांचे प्रश्न, ग्रंथपाल बाईंची उत्तरं

प्रश्न : बाई, नमस्कार. नाव छापू नका. आमच्या सोसायटीत तुमचं मासिक तीन घरी येतं आणि त्यातलं एक घर माझ्या नणंदेचं आहे.

माझं वय ४३. डोंबिवलीत राहते, विक्रोळीला एका ऑफिसात अकाउंट्स बघते. गेल्या दिवाळीच्या साफसफाईत लेकीच्या गादीखाली ‘ट्वायलाइट’ सापडलं, रक्त पिणाऱ्या व्हॅम्पायरच्या प्रेमात पडलेल्या मुलीची ती इंग्रजी कादंबरी. गादीखाली ठेवण्यासारखं यात आहे तरी काय, म्हणून उभ्या उभ्या चाळायला घेतलं, मग पलंगाच्या कडेला टेकले, मग पाय वर घेतले. चकल्यांची भिजवलेली भाजणी त्या दिवशी तशीच आंबली. दुसऱ्या रात्री दीड वाजता पुस्तक संपलं. पुढचे तीन भाग लेकीकडे मागितले, तर तिने असं बघितलं की जणू मी तिची जीन्सच मागतेय.

तेव्हापासून सुटका नाही. सकाळच्या स्लो लोकलमध्ये फोनवर वाचते. थंडी पडली की लांडगा होणाऱ्या मुलाची ‘शिव्हर’ वाचताना विक्रोळी कधी गेलं कळलं नाही, घाटकोपरला उतरून परत आले. त्यानंतर दोन व्हॅम्पायर भावांची जुनी मालिका धरली. घरखर्चाच्या वहीत मागच्या पानांवर तक्ता केलाय : नायक कोण (व्हॅम्पायर, लांडगा की देवदूत), खरं वय किती, दिसतं किती, कशाने मरतो, पहिला किस कितव्या पानावर. १९ ओळी भरल्या. परवा सवयीने पान नंबरांची बेरीजही मारली.

आमचे हे म्हणतात, ‘त्या पांढऱ्याफटक पोराला आधी हिमोग्लोबिन तपासून घ्यायला सांग.’ सासूबाईंना मात्र रस आहे. रक्त पितो म्हणजे मांसाहारी, एवढं त्यांनी लगेच ओळखलं. ही मंडळी फक्त जनावरांचं रक्त पितात आणि आपापसात स्वतःला शाकाहारी म्हणवतात, असं मी सांगितल्यावर म्हणाल्या, ‘म्हणजे आपल्या वरच्या मजल्यावरच्यांसारखेच.’

तर बाई, या वयात हे बरं दिसतं का? दुसरं, लेक सोळाची आहे. त्या पुस्तकातला मुलगा रात्री खिडकीतून येऊन तिला झोपलेली बघत बसतो. मला वाचताना गोड वाटलं आणि मग एकदम पोटात गोळा आला. तिला काही बोलू का? बोलायला गेले तर ‘आई, प्लीज’ म्हणून दार लावून घेते. आणि पुढे काय वाचू? मराठीत असं काही आहे का?

— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : नाव छापलेलं नाही. नणंदबाईंनी आंबलेल्या भाजणीवरून ओळखलं, तर त्याला माझा इलाज नाही.

तुमचा तक्ता मला फार आवडला. ३४ वर्षं वाचनालयाच्या नोंदवह्या भरल्या, त्यामुळे रकाने दिसले की मला बरं वाटतं. त्यात एक रकाना वाढवा : तो मेला कधी आणि कशाने? ‘ट्वायलाइट’च्या नायकापुढे, म्हणजे एडवर्डपुढे, लिहा : १९१८, शिकागो, स्पॅनिश फ्लू, वय १७. आई-वडील त्याच साथीत गेले. हाही मरायला टेकला होता, तेव्हा व्हॅम्पायर असलेल्या डॉक्टरने चावून त्याला आपल्यातला करून घेतलं. पुस्तकात हे चार ओळींत येतं आणि जातं. मी मात्र तिथेच अडकले, कारण ती साथ माझ्या आजीच्या माहेरीही आली होती. आपल्याकडे तिला मानमोडी म्हणत.

आजीचं माहेर वेंगुर्ल्याजवळचं. तिच्या थोरल्या भावाची १९१८च्या वैशाखात मुंज झाली आणि आश्विनात तो मानमोडीत गेला. बारा वर्षांचा. मुंज झालेला आणि सोडमुंज न झालेला मुलगा गेला की पुढे काय होतं, हे कोकणात कोणाला सांगावं लागत नाही. परसाच्या टोकाला पिंपळ होता, त्यावर तो राहायला गेला. आजी मे महिन्यात आम्हाला तिकडे घेऊन जायची. तिन्हीसांजेनंतर पिंपळाकडे फिरकायचं नाही, अशी सक्त ताकीद. पण झाडावरचा पहिला पिकलेला आंबा घरात कोणी तोंडाला लावायच्या आधी आजी स्वतः तिकडे ठेवून यायची. ‘त्याला आंबा फार आवडायचा गो,’ एवढंच म्हणायची. तिच्या बोलण्यात भीती नसायची. भाऊ बाहेरगावी असल्यासारखी बोलायची.

मी १४ वर्षांची झाले त्या सुट्टीत माझ्या एकदम लक्षात आलं की आता मी त्याच्याहून मोठी आहे. आम्ही सगळी भावंडं वाढणार आणि हा बाराचाच राहणार. फार वाईट वाटलं. दुपारी सगळे झोपल्यावर ‘किशोर’चा नवा अंक पिंपळाखाली ठेवून आले, वाऱ्याने उडू नये म्हणून वर दगड ठेवला. संध्याकाळी बघते तर अंक नाही! दुसऱ्या दिवशी मुखपृष्ठाचा चघळलेला तुकडा गोठ्याजवळ मिळाला, म्हणजे वासराने खाल्ला होता. पण मधली ती एक रात्र, तो पिंपळावर बसून माझा अंक वाचतोय या कल्पनेने मला जे झालं होतं, त्याला तुमच्या वहीत रकाना नाही.

एकाच सालची एकच साथ. तिकडचा मुलगा तिच्यातून देखणा, अमर आणि चंदेरी व्होल्व्होचा मालक होऊन निघाला. आमचा पिंपळावर आंब्याची वाट बघत बसला. दोघांचं दुखणं मात्र एकच, मोठं व्हायचं राहून गेलं. अमेरिकेतल्या लेखिकेने त्याला मैत्रीण दिली, आम्ही नारळ देतो.

आता वयाचं. ही गोष्ट लिहिणारी स्टेफनी मेयर सोळाची नव्हती. २ जून २००३च्या रात्री तिला कुरणातल्या त्या दोघांचं स्वप्न पडलं तेव्हा ती २९ वर्षांची होती, ॲरिझोनाच्या उन्हात राहत होती आणि घरात तीन लहान मुलगे होते. पोरं सांभाळत तिने तीनेक महिन्यांत पुस्तक लिहून काढलं. सर्वांत जास्त पाऊस पडणारं गाव हवं म्हणून इंटरनेटवर शोधलं, तेव्हा वॉशिंग्टन राज्यातलं फोर्क्स सापडलं. गाव न बघताच तिने ते पुस्तकात घातलं. पुस्तक आलं २००५मध्ये. नंतर तिकडे मुलींच्या बरोबरीने त्यांच्या आयाही इतक्या वेड्या झाल्या की त्यांना ‘ट्वायलाइट मॉम्स’ असं नावच पडलं. तेव्हा तुम्ही एकट्या नाही, फक्त जरा उशिरा आलात.

आणि दुसरा भाग आठवा. सुरुवातीलाच नायिकेचा अठरावा वाढदिवस येतो आणि तिचं तोंड उतरलेलं असतं, कारण तो सतराचाच राहणार. स्वप्नात तिला आजी दिसते आणि मग कळतं की ती आजी नाही, आरशातली आपणच आहोत. अठराव्या वर्षी कोणाला असली स्वप्नं पडतात? हे स्वप्न चाळिशीच्या बाईचं आहे, लेखिकेने ते मुलीच्या उशाशी ठेवलंय. तुमचं सतरावं वर्ष कुठे गेलं मला माहीत नाही. माझं बारावीच्या अभ्यासात आणि विहिरीचं पाणी शेंदण्यात गेलं. खिडकीतून आलं ते फक्त माकड.

त्याच भागात तो तिला सोडून जातो आणि पुढच्या पानांवर ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर, जानेवारी एवढे महिनेच छापलेले आहेत, बाकी पानं कोरी. आमच्या वाचनालयात एका मुंबईकर चाकरमान्याने चारही भाग भेट दिले होते. एक सभासद काका दुसरा भाग तावातावाने परत घेऊन आले : ‘बाई, ह्याची पानं छापायची राहिलीत, प्रकाशकाला कळवा.’ मागे रांगेत अकरावीतली एक मुलगी उभी होती. ती खाली बघत म्हणाली, ‘काका, तेव्हा तिला काही वाटतच नसतं.’ काका गप्प झाले. इतक्या वर्षांत पुस्तकाचं इतकं नेमकं परीक्षण मी दुसरं ऐकलेलं नाही.

आता तुमच्या पोटातल्या गोळ्याकडे येते, कारण तुमच्या पत्रातलं सगळ्यात खरं वाक्य ते आहे. ‘गोड वाटलं आणि मग गोळा आला’ हा क्रम मी तुमच्या जागी असते तर लेकीला जसाच्या तसा सांगितला असता. ‘हे वाईट आहे, वाचू नकोस’ म्हणालात तर दार बंद होणारच. ‘मलाही गोड वाटलं’ म्हणालात तर कदाचित फटीपुरतं उघडं राहील. मग एकच विचारा : तो खोलीत येऊन बसतो हे तिला कळतं कधी? त्याने येणं सुरू केल्यावर, बऱ्याच रात्रींनंतर. आधी विचारलेलं नसतं. कळल्यावर ती लाजते, सुखावते, आणि आपणही सुखावतो, कारण लेखिकेने आपल्याला आधीच खात्री दिलेली असते की हा चांगला आहे. डोंबिवली स्टेशनच्या पुलावर रोज मागे येणाऱ्या मुलाबद्दल अशी खात्री द्यायला कोणी लेखिका उभी नसते. आपल्या पेपरांत ‘एकतर्फी प्रेमातून’ हे शब्द ज्या पानावर येतात त्या पानावर प्रेमकथा छापत नाहीत, हे सोळाव्या वर्षी मुलीला माहीत असतं. ती काही दुधखुळी नसते. तिला फक्त हे आईबरोबर मोठ्याने बोलता आलं पाहिजे.

आणखी एक युक्ती. हीच गोष्ट त्या मुलाच्या तोंडून सांगणारं ‘मिडनाइट सन’ २०२०मध्ये आलं. जाडजूड आहे आणि तो रडका आहे, पण आपण करतोय ते चूक आहे हे तो त्यात स्वतःच स्वतःला परत परत ऐकवतो. दोघी मिळून वाचा. खिडकीचं प्रकरण लेकीने आधी वाचावं, मग तुम्ही. शिवाय आपल्याकडे खिडकीला ग्रिल आणि ग्रिलमध्ये कुंड्या, हा दिलासा आहेच.

माझा या पुस्तकांवर राग आहे तो खिडकीपेक्षा दुसऱ्याच कारणासाठी. त्यातली लांडगे होणारी मुलं ज्या क्विल्यूट जमातीची दाखवली आहेत, ती जमात खरी आहे. फोर्क्सपासून जवळच समुद्रकाठी ला पुश नावाच्या त्यांच्या गावात ते लोक आजही राहतात. आपले पूर्वज लांडग्यांपासून माणसं झाले, ही त्यांची जुनी कथा आहे. व्हॅम्पायरशी वैर वगैरे बाकी सगळं बाहेरून चिकटवलेलं. त्यांची खरी भीती वेगळी होती : शाळा अगदी पाण्याला लागून, त्सुनामी आली तर मुलं जायची कुठे? शाळा आणि वस्ती वर हलवायला जागा मिळावी म्हणून २०१२मध्ये कायदा करून राष्ट्रीय उद्यानाची जमीन त्यांना द्यावी लागली. १० कोटींहून जास्त प्रती खपलेल्या मालिकेत यातलं काही नाही. आपल्या आरवलीच्या वेतोबाला कोणी परदेशी लेखकाने तरुण, उघडाबंब आणि प्रेमात पडलेला दाखवला असता, तर आपण काय केलं असतं? आम्ही वेतोबाला भल्यामोठ्या चपला वाहतो, कारण रात्री गावाची राखण करत फिरून त्याच्या झिजतात. त्या चपलांची थट्टा आम्ही एकमेकांत करू, बाहेरच्याने केलेली चालायची नाही.

पुढे काय वाचायचं? ‘शिव्हर’ तुम्हाला विक्रोळी विसरायला लावणार होतंच. मॅगी स्टीफव्हॅटरचं हे पुस्तक (२००९) मला ‘ट्वायलाइट’हून उजवं वाटतं. त्यातला शाप थर्मामीटरवर चालतो. थंडी वाढली की तो लांडगा, आणि दर वर्षी माणूस म्हणून मिळणारे दिवस कमी कमी होत एक दिवस संपणार. चंद्र नाही, मंत्र नाही, नुसता घसरणारा पारा. कोकणातल्या जूनमध्ये घामाने निथळत मी ते वाचलं आणि मला हुडहुडी भरली. त्याचे पुढचे दोन भाग आहेत. मग मागे जा. १८७२चं ‘कार्मिला’, आयरिश लेखक शेरिडन ले फानूचं. ‘ड्रॅक्युला’च्या २५ वर्षं आधीचं, छोटंसं. एकाकी वाड्यात राहणारी मुलगी आणि तिच्याकडे पाहुणी म्हणून आलेली दुसरी मुलगी, जी दुपारी उशिरा उठते. तुमच्या तक्त्यात नायकाच्या रकान्यात तिचं नाव घालावं लागेल. आणि ॲनेट कर्टिस क्लॉजचं ‘द सिल्व्हर किस’ (१९९०). त्यातल्या मुलीची आई कॅन्सरने चालली आहे आणि घरात त्याबद्दल तिच्याशी कोणी बोलत नाही. तिच्याशी मरणाबद्दल बोलतो तो एकटा व्हॅम्पायरच. हे सुट्टीच्या दिवशी वाचा, लोकलमध्ये नको.

तुमच्या त्या दोन भावांच्या मालिकेची मात्र वेगळीच कर्मकहाणी आहे. ‘द व्हॅम्पायर डायरीज’ १९९१मध्ये एल. जे. स्मिथने कंत्राटावर लिहून दिली, हक्क कंपनीकडे. वीस वर्षांनी कंपनीने तिलाच काढून टाकलं आणि पुढचे भाग दुसऱ्यांकडून लिहून घेतले. इंग्रजीत अशा पडद्याआडच्या लेखकाला भूतच म्हणतात, म्हणजे व्हॅम्पायरची गोष्ट शेवटी भुतांनी लिहिली. मग या बाईने काय करावं? आपल्याच पात्रांवर, एखाद्या चाहतीसारख्या, परवानगीच्या चौकटीत नव्या गोष्टी लिहून २०१४मध्ये त्या ऑनलाइन विकायला ठेवल्या. जीव अडकला होता तिचा त्या पोरांत. तुमच्या १९ ओळींत आणि तिच्यात मला फारसा फरक दिसत नाही.

मराठीचं शेवटच्या पत्राच्या उत्तरात सांगते.

प्रश्न : भगिनी, मी निवृत्त मुख्याध्यापक. हल्ली नातीच्या टेबलावर रक्त, चंद्र आणि ओठ यांची चित्रं असलेली पुस्तकं दिसतात. तरुण मनांना भुतांची प्रेमप्रकरणं पुरवणं हा निव्वळ धंदा नव्हे काय? याला आपण साहित्य म्हणता?

— एक ज्येष्ठ वाचक, सातारा

उत्तर : सर, धंदा आहेच. ‘ट्वायलाइट’ चाललं म्हटल्यावर पुढच्या चार-पाच वर्षांत काळ्या मुखपृष्ठांचा महापूर आला, पतित देवदूतांची तर मेगाभरती निघाली. त्यातली पुष्कळ रद्दी होती. मुखपृष्ठाबद्दल तुमच्याशी मी भांडणार नाही.

पण तरुण मनांना हे कोणी ‘पुरवलं’ नाही, त्यांनीच ते सुरू केलंय. इंडोनेशियातला तांबोरा ज्वालामुखी १८१५मध्ये फुटला, त्याच्या राखेने पुढच्या वर्षी युरोपात उन्हाळाच आला नाही. जिनिव्हाच्या तळ्याकाठी पावसाने कोंडून पडलेल्या पाहुण्यांनी एकमेकांना भुताच्या गोष्टी लिहायचं आव्हान दिलं. त्यातली मेरी (पुढची मेरी शेली) १८ वर्षांची होती, तिथे तिने ‘फ्रँकेन्स्टाइन’ सुरू केलं. त्याच पाहुण्यांतल्या कवी बायरनचा डॉक्टर जॉन पॉलिडोरी होता २० वर्षांचा. त्याने पुढे ‘द व्हॅम्पायर’ लिहिलं, ते १८१९मध्ये छापून आलं. दिवाणखान्यात वावरणारा, सरदार घराण्यातला, बायकांना भुरळ घालणारा रक्तपिपासू इंग्रजी गोष्टीत आला तो या पोराने आणलेला. नातीच्या टेबलावरचा तो देखणा त्याचाच खापरपणतू.

नातीला एखाद्या संध्याकाळी त्या पावसाची हकीकत सांगा. मग तिच्या टेबलावरचं एक पुस्तक मागून घ्या आणि ५० पानं तरी वाचा. नंतर जे पत्र लिहाल ते मी छापीन, शिव्यांसकट.

प्रश्न : मॅडम, मी १९ वर्षांचा, इंजिनीअरिंगला आहे. मला अशा कादंबऱ्या आवडतात, हॉस्टेलची पोरं ‘पोरींची पुस्तकं वाचतो’ म्हणून हसतात. मराठीत अशी कादंबरी मिळत नाही म्हणून मीच लिहायला घेतली आहे. नायक व्हॅम्पायर आहे आणि लातूरला राहतो. ४० पानं झाली पण तो खरा वाटत नाही, नुसता उन्हात फिरत नाही एवढंच. काय चुकतंय?

— लातूरहून

उत्तर : लातूरच्या उन्हात कोणीच फिरत नाही रे, त्यात त्याचं वेगळेपण काय?

आधी मराठीचं, डोंबिवलीच्या ताईंनाही हेच उत्तर. आमच्या पिढीत मुलं फास्टर फेणेवरून उडी मारून थेट ‘मृत्युंजय’ आणि ‘ययाती’वर पडायची. मधल्या सोळा-सतराच्या वयासाठी कपाटात वेगळा खण नव्हता, आजही फार भरलेला नाही. भुताखेतांचा खण मात्र भक्कम : नारायण धारप, रत्नाकर मतकरी. पण त्यांच्याकडे वाचक जातो तो घाबरायला, प्रेमात पडायला नाही. आपलं भूत प्रेमाला अवघड आहे, कारण ते ओळखीचं असतं. हडळ ही कोणाची तरी सून असते, मुंज्या कोणाचा तरी भाऊ. त्याला काय हवं ते सगळ्या वाडीला ठाऊक असतं, आणि गाऱ्हाणं घालून, नारळ-कोंबडा देऊन त्याचं भागवायची रीतही ठरलेली असते. युरोपातला व्हॅम्पायर गावात नवा राहायला येतो, म्हणून त्याच्यावर जीव जडू शकतो. हा फरक आधी ओळख, मग नायक ठरव.

तुझं चुकतंय ते इथे : तू त्याला सवयी दिल्यास, नियम दिला नाहीस. उन्हात न फिरणं ही सवय झाली. नियम म्हणजे काय ते बघायचं तर उर्वशी-पुरूरवा वाच. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातलं ९५वं सूक्त हे त्या दोघांचं भांडण आहे, ती सोडून गेल्यानंतरचं. तो जीव द्यायची भाषा करतो. ती म्हणते, मरू नकोस, तुला लांडगे न खावोत, आणि बायकांच्या मैत्रीचं काय घेऊन बसलास, त्यांची हृदयं सालावृकांची असतात. सालावृक म्हणजे तरस म्हण किंवा लांडगा. बघ, लांडगेही आले! पूर्ण गोष्ट शतपथ ब्राह्मणात आहे. ती अप्सरा, तो माणूस. तिची अट : तू मला कधी नग्न दिसता कामा नयेस. तिच्या पलंगाला बांधलेली कोकरं गंधर्व रात्री चोरतात, ती ओरडते, ‘इथे कोणी पुरुष नाही का!’ तो अंगावर काही न घेता धावतो आणि गंधर्व नेमकी वीज चमकवतात. खलास.

केवढा बारीक नियम आणि केवढ्या साध्या घटनेने मोडला. तोही तिच्याच हाकेला धावताना. ‘शिव्हर’मधला पारा असाच आहे. तुझ्या व्हॅम्पायरला एक अट दे, आणि ती प्रेमापोटीच मोडेल अशी सोय कर.

मग किंमत. शेवटी गंधर्व पुरूरव्याला वर देतात, तेव्हा तो मागतो की मला तुमच्यातलाच एक होऊ दे. ‘ट्वायलाइट’ची नायिका चार भाग हेच तर मागत असते. त्यासाठी त्याला अश्वत्थाच्या लाकडाच्या अरणी करून अग्नी काढावा लागतो. अश्वत्थ म्हणजे पिंपळ. माझ्या आजीच्या भावाचं झाड. दोघांतल्या कोणाला बदलावं लागतं आणि त्यात काय जळतं, हे तुला ४१व्या पानाच्या आत माहीत असायला हवं. वाचकाला नंतर कळलं तरी चालेल.

व्हॅम्पायरच हवा का, तेही बघ. रिचर्ड बर्टन मुंबई इलाख्याच्या फौजेत होता, मराठीची परीक्षाही दिली होती त्याने. त्याने १८७०मध्ये वेताळाच्या गोष्टी इंग्रजीत नेल्या, तेव्हा वेताळाला सरळ ‘व्हॅम्पायर’ करून टाकलं. आपला वेताळ रक्त पीत नाही, प्रेतात शिरून झाडाला उलटा लटकतो आणि राजाला कोडी घालतो. राजा बोलला की हा परत झाडावर. हाही नियमच! सबंध रात्र उत्तर माहीत असून गप्प बसावं लागणारी मुलगी आणि तिला बोलतं करायला बघणारा तो, यात तुझ्या ४० पानांपेक्षा जास्त धग आहे असं मला वाटतं. लांडगा मात्र शक्यतो नको. तुमच्याकडे माळावर खरे लांडगे आहेत आणि वाचकाला आधी शेळ्या आठवतील.

हसणाऱ्या पोरांना पैठणची गोष्ट सांग, तुमच्याच मराठवाड्यातली. गुणाढ्याने बृहत्कथा लिहिली ती पैशाचीत, म्हणजे पिशाचांच्या भाषेत. शाई नव्हती म्हणून स्वतःच्या रक्ताने, सात लाख श्लोक. सातवाहन राजाने भाषा आणि शाई बघून नाक मुरडलं. मग गुणाढ्य रानात एकेक पान पशुपक्ष्यांना वाचून दाखवी आणि आगीत टाकी. ऐकताना जनावरं खाणं-पिणं विसरली, राजाच्या ताटातलं मांस वाळकं यायला लागलं, म्हणून चौकशी झाली. राजा धावत पोचला तोवर सहा लाख जळाले होते. उरलेल्या लाखातून ‘कथासरित्सागर’ आला आणि त्यातच वेताळ आहे. तेव्हा ‘पोरींची पुस्तकं’ म्हणणाऱ्यांना म्हणावं, मांस वाळकं लागलं की या.

पहिली तीन प्रकरणं पाठव. पीडीएफ नको, छापून पाठव, एका बाजूला, जरा मोठ्या अक्षरात. माझा मोतीबिंदू पिकलाय आणि ऑपरेशन मी मे महिन्यावर ढकललंय, आंबे आटोपल्यावर.